मशीनवर काढलेली धार टिकत नाही? नवं मशीन घेण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं, ते ओळखा.

- पटाशी ग्राइंडरवरून उतरवली की मनगटावरचे केस कापते, पण फणसाच्या चौकटीत दहा-बारा ठोके मारले की घसरायला लागते.
- धारेचं टोक वळतं. नख फिरवलं तर एका बाजूला अडकतं.
- धार वळत नाही, तिचे बारीक तुकडे उडतात. रंधलेल्या फळीवर उभ्या रेघा उठतात.
- ढाळावर, म्हणजे पात्याच्या धारेकडे उतरत्या बाजूवर, दोन-तीन पैलू पडलेत, किंवा धार एका अंगाला तिरकी गेलीय.
- ढाळ आरशासारखा चमकतो, तरी कापत नाही.
- चाकाला टेकवल्या टेकवल्या पातं तापतं आणि टोकाला तपकिरी किंवा निळी झाक येते.

सिंधुदुर्गात माझी दारं-खिडक्यांची छोटी कार्यशाळा आहे. पावसाआधीची कामं सुरू झाली की आजूबाजूचे सुतार आणि हौसेने लाकूडकाम करणारे पटाश्यांचं गाठोडं घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, धारेसाठी कुठलं मशीन घेऊ?" मी आधी गाठोडं सोडायला सांगतो. बहुतेक वेळा घरातलं जुनं ग्राइंडर चांगलंच असतं, चूक भलतीकडेच असते. काही वेळा मशीन खरंच चुकीचं असतं. पण ते कळण्यासाठी पुढची तपासणी याच क्रमाने करावी लागते, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

उजेडात धरा

खिडकीकडे तोंड करून पटाशीची धार वर धरा आणि हळूहळू कलती करा. खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही, ती दिसतच नाही. पांढरी रेघ चमकली तर तिथे धार बोथट आहे. मधेच ठिपके चमकले तर तिथून कपरे उडालेत. सगळी रेघ सलग चमकत असेल तर धार मुळात लागलेलीच नाही, मग ती टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

आता बोटाने पाठ, म्हणजे ढाळाच्या उलटी सपाट बाजू, चाचपा. बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने ओढायचं, धारेच्या लांबीने कधीच नाही. टोकाला खरखरीत लव लागली तर ती बर. चाकाने घासताना पोलाद दुमडून पलीकडे जातं, तीच ही. नवशिक्याला वाटतं आपण धार काढली. प्रत्यक्षात तो लवेने केस कापत असतो, आणि ती पहिल्या ठोक्यात मोडते. "केस कापत होती हो!" असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

निसण्यावर घासली होती का?

माझ्याकडे येणाऱ्या बोथट पटाश्यांतल्या निम्म्या या एका प्रश्नावर सुटतात. साध्या ग्राइंडरचं चाक ३६ किंवा ६० नंबरचं, म्हणजे जाड दाण्याचं असतं. त्यावरून उतरलेली धार भिंगातून बघा, करवतीसारखी दिसेल. ते दाते पातळ असतात, लाकडात गेले की मोडतात, आणि तुम्ही म्हणता धार गेली.

ग्राइंडरचं काम ढाळाला आकार द्यायचं. धार लागते ती त्यानंतर, निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर. चाकावरून उतरवलं की १००० नंबरच्या आसपासच्या दगडावर ढाळ घासा, टोकाला बारीक बर येऊ द्या, मग पात्याची पाठ दगडावर पूर्ण सपाट ठेवून ती काढा. शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून दोन-चार हात मारा, पातं ओढत, ढकलत नाही. गोल चाकामुळे ढाळात हलकी खोलगट जागा पडलेली असते. तिचा इथे फायदा होतो. दगडावर फक्त धारेचं टोक आणि ढाळाची टाच, म्हणजे मागची कड, टेकते, त्यामुळे घासायला कमी लागतं. चांगली खोल असेल तर ग्राइंडर न लावता सात-आठ वेळा तरी नुसत्या दगडावर धार परत येते.

पाठीकडे फार कमी लोक बघतात. धार म्हणजे दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेघ, त्यातलं एक गंजून खड्ड्याखड्ड्यांचं असेल तर दुसरं कितीही घासा. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या ठेवलेल्या पटाशीवर रातोरात तांबूस फुलं उमटतात. पाठीवरचा गंजाचा खड्डा धारेपर्यंत पोचला की त्या जागी कपरा उडणारच. पाठ टोकाकडची इंचभर तरी सपाट घासून घ्या. हे एकदाच करावं लागतं. काम संपलं की तेलाचा हात फिरवा. मी खोबरेल वापरतो, ते घरात असतंच.

कोन मोजा, यंत्राशिवाय

ढाळाची लांबी आणि पात्याची जाडी पट्टीने मोजा. लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश. साधारण २.४ पट असेल तर २५. तिप्पट झाली तर कोन २० अंशांच्याही खाली गेला, एवढी पातळ धार हातोडीखाली तुटणारच. "कपरे उडतात" ही तक्रार बहुतेक इथली असते.

रंध्याच्या पात्याला आणि सफाईच्या पटाशीला चाकावर २५ आणि दगडावर धारेपुरतं ३० चालतं. सालं पाडायच्या, म्हणजे भोकं खणायच्या जाड पटाशीला ३० ते ३५ हवं.

पैलू पडत असतील तर ढाळावर काळा मार्कर फासा आणि चाक बंद ठेवून, हाताने फिरवत पातं टेकवून बघा. रंग कुठला गेला ते दिसेल. नुसता टाचेकडचा गेला तर टेकू, म्हणजे चाकापुढचा पातं टेकवायचा आधार, चुकीचा; नुसता टोकाचा गेला तर कोन उभा होतोय. चमकतं पण कापत नाही, ही तऱ्हा बफच्या चाकावर जास्त वेळ धरणाऱ्यांची. कापडाचं मऊ चाक धारेभोवती वळतं आणि टोक गोल करून टाकतं. तिथे दोन सेकंद पुरेत, तेही पातं चाकाच्या फिरण्याच्या दिशेने झुकवून. धार उलटी धरली तर चाक पटाशी हिसकावून तुमच्या पोटाकडे फेकेल.

लाकूड काय होतं?

हे विचारलं की लोक चिडतात, तरी विचारतो. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. प्लायवूडचा थरांमधला डिंक त्याहून वाईट. जुन्या वाशात मोडलेला खिळा असेल तर बोलायलाच नको. दिवसभर प्लायच्या कडा पटाशीने साफ केल्यावर संध्याकाळी धार गेली, तर त्यात ना मशीनची चूक ना तुमची.

चाक बघा

इथून पुढे थोडा खर्च सुरू होतो.

ग्राइंडर बंद करून प्लग काढा आणि चाकाच्या कडेवर बोट ठेवा. काचेसारखं गुळगुळीत, चमकदार लागलं तर त्याचे दाणे बोथट झालेत. काळपट-करडे डाग दिसले तर ते भरलंय. त्याच चाकावर कोणीतरी ॲल्युमिनियम नाहीतर पितळ घासलं असणार. असं चाक कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. तुम्ही जोर वाढवता, ते आणखी तापवतं.

ड्रेसर, म्हणजे चाक खरवडायचं हत्यार, फिरवला की वरचा थर निघतो आणि ताजे दाणे उघडे पडतात. तारे असलेला ड्रेसर किंवा हिरकणीचा ड्रेसर चाकाच्या किमतीपुढे फार महाग नाही. हलक्या हाताने, टेकूवर टेकवून, आडवा फिरवायचा. गॉगल आणि नाकाला मास्क हवाच. हातमोजे मात्र नकोत, चाकात अडकले तर हात ओढला जातो.

ड्रेस करूनही पटकन तापत असेल तर चाकच बदला. ग्राइंडरसोबत आलेलं करडं चाक कठीण बांधणीचं, म्हणजे दाणे घट्ट धरून ठेवणारं असतं, वेल्डिंगची टोकं आणि लोखंडी कानाकोपरे घासायला ठीक. पटाशीला पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं मऊ बांधणीचं चाक लागतं. चाकाच्या कागदावर डब्ल्यूए ६० के अशा धाटणीची अक्षरं छापलेली असतात. डब्ल्यूए म्हणजे पांढरं, ६० हा दाणा, आणि पुढचं अक्षर बांधणीचं. एच, आय, जे, के ही मऊ बाजूची अक्षरं. दाणा बोथट झाला की मऊ चाक त्याला सोडून देतं आणि खालचा ताजा दाणा पुढे येतो, म्हणून तापणं कमी. चाक लवकर झिजतं, ते झिजू दे. दुकानदार हिरवं चाक दाखवेल. ते सिलिकॉन कार्बाइडचं, कार्बाइडच्या टोकांसाठी. आपल्याला नको.

नवं चाक बसवण्याआधी ते भोकातून सळईवर टांगा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने कडेच्या इंचभर आत हलकेच ठोका. घंटीसारखा स्वच्छ आवाज आला तर घ्या. मातीच्या फुटक्या माठासारखा आला तर आत तडा आहे, दुकानात परत. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या ठेवा. भोक मोठं पडलं तर बरोबर मापाचा बुश आणा, टेप गुंडाळून भागवू नका. डाव्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, तो सोडवताना बरेच जण आणखी आवळून बसतात. टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर पातं मधे ओढलं जातं. सुरू केल्यावर पहिला एक मिनिट चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

पाणी उतरलंय का?

पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा. तो उतरलेला बऱ्याचदा दिसतो आणि सगळ्यांत उशिरा कळतो.

साधं कार्बन पोलाद कडक करून मग थोडं उतरवलेलं असतं, साधारण १५० ते २३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. चाकावर त्याच्या वर तापमान गेलं की कडकपणा पुन्हा उतरतो. गवती पिवळा रंग साधारण २२० ला येतो, निळा ३०० च्या आसपास. निळा दिसला म्हणजे तेवढी जागा मऊ पडली. धारेच्या टोकाला पोलाद कागदाएवढं पातळ असतं, उष्णता पसरायला जागाच नसते, म्हणून पटाशीचा दांडा हाताला गार लागतो तेव्हाही टोक जळलेलं असतं.

मागे एक जण अर्ध्या इंचाची पटाशी घेऊन आला. चकचकीत, कुठेही डाग नाही. "तीन वेळा धार काढली, तिन्ही वेळा वळली." मी जुन्या बारीक कानशीचा कोपरा ढाळाच्या टोकावर ओढला. कडक पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी सटकते. इथे ती रुतली आणि चांदीसारखी रेघ उमटली. बोटभर मागे तीच कानस सटकली. मी विचारलं, पॉलिश पेपर मारलात का? हसला. निळा रंग दिसला म्हणून त्याने तो घासून काढला होता. रंग म्हणजे वरची पातळ साय, ती निघते, मऊपणा आत तसाच राहतो.

उपाय एकच, ती मऊ जागा घासून टाकायची. दोन-तीन मिलिमीटर असेल तर संथपणे, सारखं पाण्यात बुडवत मागे जा आणि प्रत्येक मिलिमीटरला कानस लावून बघा. पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून एक सवय लावा. प्रत्येक वेळी पाण्यातून काढलं की पात्यावर थेंब राहू द्या. थेंब टोकाकडून आटायला किंवा उकळायला लागला की लगेच परत बुडवा. थेंब शंभर अंशांना उकळतो, म्हणजे निळ्यापासून तुम्ही अजून बरेच लांब असता. निळं झाल्यावर बुडवून काही होत नाही. हायस्पीड पोलादाची गोष्ट वेगळी. ते ५०० अंशांपर्यंतही कडकपणा सोडत नाही. पण तेही लाल तापलेलं पाण्यात बुडवू नका, तडे जातात.

हे सगळं ठीक असेल, तर मशीन

आता मशीनकडे वळू. पहिली नजर नावाच्या पट्टीवरच्या फेऱ्यांकडे. आपल्याकडचं साधं ग्राइंडर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतं. त्यावर ६ इंची चाकाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर पळते. "मोठं चाक चांगलं" म्हणून त्याच फेऱ्यांचं ८ इंची घेतलंत तर कड ३० मीटरवर जाते, म्हणजे तापणं वाढलं. ८ इंचीच हवं तर १४४० फेऱ्यांचं बघा, ते १५ मीटरवर येतं. पाण्यातलं संथ मशीन मात्र सव्वा मीटरच्याही खाली असतं. स्वीडनच्या टॉरमेकचं टी-८ घ्या, २५० मिलिमीटरचा दगड आणि मिनिटाला ९० फेरे. म्हणूनच ते पातं जाळूच शकत नाही.

वेग कमी करायला ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर लावायचा उद्योग मीही केलाय. एकफेजी इंडक्शन मोटर तशी संथ होत नाही, तिचा जोर जातो आणि ती गुंगुं करत तापते. माझी वाइंडिंग करून आणावी लागली.

कोणाला काय, ते माझ्या मते असं. साइटवर काम करणाऱ्या सुताराला चार पटाश्या आणि दोन रंधे. त्याला ६ इंची ग्राइंडर, एक पांढरं चाक, पक्का टेकू आणि चांगला निसणा पुरतो. उरलेला पैसा चाकावर आणि दगडावर घाला. मशीनसोबत येणारा वाकडा पत्र्याचा टेकू काढून टाका. रुंद, कोन बदलता येणारा टेकू बसवला की तिरक्या धारेची अर्धी तक्रार जाते.

घरी सुट्टीत काम करणाऱ्याला पाण्यातलं मशीन आवडेल. आवाज नाही, ठिणगी नाही, कोन धरायला साचे (जिग) मिळतात, दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक असतं. पण पटाशीला खिळा लागून मोठी खाच पडली असेल तर त्यावर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा. काम झालं की पाणी काढा. दगड रात्रभर पाण्यात अर्धा बुडून राहिला तर एकच बाजू पाणी पिते आणि सकाळी तो लंगडत फिरतो. काचेच्या आडव्या तबकडीवर घासकागद चिकटवायची मशीनंही बरी, वर्क शार्प ३००० ही त्यातली, ५८० फेऱ्यांची. ढाळ सपाट येतो. कागद मात्र सतत आणत राहावे लागतात, आणि ते गावात मिळतील का ते आधी बघा. पट्ट्याचं सँडर मी पटाशीला सांगत नाही. पट्टा सैल असला की ढाळाला पोट येतं.

लाकूड कातणाऱ्यांचं गणित वेगळंच. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखी लेथवरची कामं करणारा माणूस दिवसात कितीतरी वेळा हत्यार चाकाला लावतो, आणि त्याला निसण्यावर घासत बसायला वेळ नसतो. हायस्पीड पोलादाची हत्यारं असतील तर त्याने ८ इंची कोरडं ग्राइंडर आणि परवडलं तर सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या अतिकठीण दाण्यांचं) चाक घ्यावं. ते धातूच्या चकतीवरचं असतं, झिजून लहान होत नाही, ड्रेसर लागत नाही. त्यावर मऊ लोखंड मात्र घासायचं नाही, दाणे भरून जातात.

इथे थांबा

चाकाला तडा दिसला, किंवा ठोकल्यावर आवाज बसका आला, तर "हळू वापरू" हा विचार करू नका. ते चाक फोडून टाका, म्हणजे दुसरं कोणी लावणार नाही.

ड्रेस करूनही मशीन थरथरत असेल तर प्लग काढून दांडा वर-खाली हलवून बघा. खेळ लागला तर बेअरिंग गेली. मोटर नुसती गुंगुं करते आणि चाक हाताने ढकललं तरच फिरतं, तर बहुतेक कपॅसिटर. तो उघडू नका, वीज बंद असतानाही त्यात भार साठून राहतो. दोन्ही कामं मोटर वाइंडिंगवाल्याची.

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, विशेषतः पाण्याच्या मशीनला, तर वायरमनला बोलवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासून होईपर्यंत ते सुरू करायचं नाही.

पटाशीचं पाणी बोटभर उतरलं असेल तर घासत बसू नका, हत्यारं करणाऱ्या लोहाराकडे द्या. तो परत तापवून पाणी देईल. सगळेच ते नीट करत नाहीत, आधी त्याच्याकडची एखादी पटाशी कानशीने तपासा.

आणि रंधा मशीनची लांब पाती, कार्बाइडच्या टोकांची करवतीची पानं, ही घरच्या ग्राइंडरला दाखवूसुद्धा नका. लांब पातं सरळ रेषेत घासायला सरकणाऱ्या टेबलाचं मशीन लागतं, कार्बाइडला हिरकणीचं चाक. शहरात धारवाल्यांकडे पाठवताना रंधा मशीनची पाती सगळी एकत्र पाठवा. एकच घासून आणलं तर ते बाकीच्यांपेक्षा हलकं होतं, आणि पाती बसवलेला ड्रम हजारो फेऱ्यांवर फिरायला लागला की त्याची थरथर टेबलावर ठेवलेल्या चहाच्या कपात दिसते.